ट्रॉली उभी राहू दे, ट्रॅक्टर पळू दे: पलूसकडच्या एका गटातल्या ऊस वाहतुकीचं प्रकरण

दोन सीझनमागची गोष्ट आहे. ऑगस्ट संपत आलेला, माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ट्रॉल्यांची गर्दी, एकाचा ॲक्सल बदलायचाय, एकाची चॅसी तडकलीय, आणि तेवढ्यात तीन वाहतूकदार एकदमच आले. मागणी साधी होती. ट्रॉली दोन फूट लांब करून द्या आणि बाजूचे खांब एक फूट वाढवा. का, तर "फेरी दिवसाला एकच होतीया, मग त्या एकाच फेरीत टनेज जास्त बसवू की."

खरं सांगायचं तर असली कामं मी दहा वर्षं करत आलोय आणि एकदाही उलटा प्रश्न विचारला नाही. गिऱ्हाईक म्हणालं लांब कर, केली लांब. पण त्या दिवशी काय झालं माहीत नाही, सहज तोंडातनं गेलं की तात्या, कारखाना तुमच्यापासनं १८ किलोमीटर, अन दिवसाला एकच फेरी का हो? तर तात्या म्हणाले, "यार्डात झोपायला लागतंय म्हणून." आणि तिघंही हसले. मला मात्र ते वाक्य घरी जाईपर्यंत सोडेना.

कारखान्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. कृष्णेकाठची काळी जमीन, पलूस तालुका, एवढं पुरे. गटात ऊस तोडणाऱ्या दहा टोळ्या, दहा ट्रॅक्टर, वीस ट्रॉल्या. टोळीला दहा ते बारा कोयते (बाहेरच्यांसाठी सांगतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी), बहुतेक सगळे बीडकडचे, मुकादमामार्फत उचल देऊन आणलेले. एक कोयता दिवसाला दीड-पावणेदोन टन ऊस पाडतो, म्हणजे टोळीचा दिवसाचा ऊस झाला अठरा टनांच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळं ह्याच्यावरच फिरणार आहे.

सीझन सुरू झाल्यावर मी आणि माझा भाचा, आम्ही दोघांनी आठ दिवस वही घेऊन ह्या दहा ट्रॅक्टरांच्या मागं फिरायचं ठरवलं. लोक म्हणाले ह्याला काय कामधंदा नाही का. वहीत फक्त एवढंच लिहायचं, गाडी कधी हलली अन कधी थांबली. एका ट्रॅक्टरचा दिवस देतो, बाकीचे नऊ थोड्याफार फरकानं तसलेच. सकाळी साडेसहाला रिकाम्या ट्रॉल्या फडात लागल्या. ऊस तुटत गेला तशा मोळ्या बांधल्या, दुपारनंतर भराई, साडेपाचला दोन्ही ट्रॉल्या भरल्या. पाणंदीतनं एकेक ट्रॉली ओढून डांबरीवर आणायला एक तास. तिथं दोन्ही जोडून निघाला, दीड तासात कारखाना, म्हणजे रात्री आठ. काटा पावणेनऊला. आणि मग नंबर. गव्हाणीवर (गाळपाला ऊस टाकतात ती जागा) ट्रॉली रिकामी झाली ती पहाटे पाच वाजता, परत फडात यायला साडेसहा. चोवीस तासांपैकी चाकं हलली ती चार तास, बाकी वीस तास आठ-नऊ लाखांचा ट्रॅक्टर आणि एक ड्रायव्हर कुठंतरी उभा. यार्डात चादर अंगावर ओढून सीटवरच झोपलेला, कानाला रुमाल, नंबर पुढं सरकला की मागचा हॉर्न मारून उठवणार.

तरी तिघांतल्या एकाला हट्टानं दोन फूट लांब आणि फूटभर उंच ट्रॉली करून दिली, कारण पैसे आगाऊ दिले होते आणि मलाही बघायचं होतं. काय झालं ते सांगतो. टोळीचा दिवसाचा ऊस अठरा टन, ट्रॉल्या मागताहेत चोवीस. मग पोरं रात्री नऊपर्यंत बॅटरी लावून भरतायत, नाहीतर सहा टन उद्या सकाळी भरायचे अन आज तोडलेला ऊस रात्रभर तसाच. तुटलेला ऊस थांबला की वजनाला वाळतो हे तर सगळ्यांना माहीत असतं, पण नुसतं वजन नाही, आतली साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, ती साखर म्हणून परत मिळत नाही, उतारा (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) बसतो. आणि एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, उताऱ्यावरच ठरते. म्हणजे ट्रॉली मोठी करून आम्ही शेतकऱ्याचा ऊस शिळा करत होतो.

दुसरं म्हणजे पाणंद. डांबरीवर भरलेली ट्रॉली ओढायला तिच्या वजनाच्या दोनेक टक्के ओढ लागते, बारा टनाला अडीचशे किलो धरा, कुठलाही ट्रॅक्टर नेतो. तीच ट्रॉली ओल्या काळ्या रानात चाक रुतवून बसली की दहा-पंधरा टक्क्यांवर जाते, म्हणजे बाराशे ते अठराशे किलो. आता पन्नास एचपीचा ट्रॅक्टर स्वतःच सव्वादोन टनांचा, त्याची पकड किती, साधारण निम्म्या वजनाएवढी. एचपी असून उपयोग नाही, टायर जागेवर फिरतो अन तोंड उचलतं. शेजारच्यानं पाट सोडलेला असला तर विषयच संपला. त्या लांब ट्रॉलीला आठवड्यात चार वेळा दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडून काढली. पाचव्या दिवशी तो वाहतूकदार स्वतःच म्हणाला, खांब कापून टाका.

इथं मला मिरजेची जुनी छोटी रेल्वे आठवली. लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला त्या गाडीनं गेलोय, शेतातल्या माणसाशी गप्पा मारत जावं असला तिचा वेग. पुढं शिकताना कळलं की ही बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची, १८९७ ला कुर्डूवाडी-बार्शी एवढीच सुरू झाली अन वाढत वाढत १९२७ ला मिरजेपर्यंत आली. अडीच फुटी गेज. त्या माणसानं काय केलं होतं, तर आधी ठरवलं की कुठल्याही एका ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त वजन पडणार नाही, इंजिन असो, प्रवासी डबा असो, मालडबा असो, आणि मग त्या मापात हलका रूळ अन ते डबे असं दोन्ही बरोबर डिझाइन केलं. रूळ एकानं केला अन डबा दुसऱ्यानं, असं नाही. त्यामुळं लाइन स्वस्तात झाली अन डबे मात्र आपल्या मापाला पूर्ण भरून चालले. आमच्यात पाणंद कुणाच्या बापाची नाही, यार्ड कारखान्याचं, ट्रॉली वाहतूकदाराची, टोळी मुकादमाची, आणि मी शेडमध्ये बसून खांब वाढवतोय.

मग मी यार्डात जाऊन बसलो. माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं की हे आठ-नऊ तासांचं थांबणं म्हणजे कारखान्याचा गलथानपणा, तो मोडून काढला की झालं. यार्ड सुपरवायझर चांगला माणूस निघाला, चहा पाजला आणि माझ्या थिअरीचा एका वाक्यात निकाल लावला. "साहेब, पहाटे तीनला ऊस कोण तोडतंय? ह्या उभ्या गाड्या म्हणजेच माझं गोडाऊन."

बरोबरच होतं त्याचं. कारखाना चोवीस तास चालतो, तोडणी फक्त उजेडात. रोजचं गाळप ४,००० टन धरलं तर तासाला १६५ टनांच्या वर ऊस लागतो. रात्री दहा ते सकाळी दहा, नवीन ऊस जवळजवळ येतच नाही, तेवढ्या वेळासाठी दोन हजार टन ऊस यार्डात उभा पाहिजे, नाहीतर मिल नो-केनला, म्हणजे ऊस नाही म्हणून बंद, बसणार आणि बॉयलर उगाच जळत राहणार. दोन हजार टन म्हणजे शंभरेक जोड ट्रॉल्या. म्हणजे ट्रॉलीचं थांबणं संपवता येणारच नाही, ते लागतंच. प्रश्न एवढाच की ट्रॉलीबरोबर ट्रॅक्टर का थांबतोय? गोडाऊनला कुणी इंजिन अन ड्रायव्हर जोडून ठेवतं का?

हे काय मी शोधलेलं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला उसासाठी दोन फुटी रुळांचं जाळं आहे, सुमारे चार हजार किलोमीटर, आणि तिथं कारखान्याचं इंजिन शेताजवळच्या सायडिंगला रिकामे डबे सोडून जातं, भरलेले घेऊन जातं, इंजिन कुणाची भराई बघत उभं राहत नाही. तिथं आधी अख्खा ऊस आडवा टाकायचे डबे होते, मग तुकडे करणारी हार्वेस्टर आली तसे पिंजऱ्यासारखे डबे आले, यंत्र बदललं तसा डबाही बदलला. कंटेनरचंही तेच, १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीननं ५८ पेट्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या तेव्हा कल्पना हीच होती की पेटी थांबू दे, जहाज अन ट्रक थांबायचा नाही. पण पेटी निघाली तसं बंदर बदललं, क्रेन बदलली, जहाजाचा पोटाचा आकारही बदलला. हे मला कॉलेजात पाठ होतं, आमच्या यार्डात लावून बघायला वीस वर्षं लागली एवढंच.

तर ठरलं असं, पुढच्या सीझनला ह्या एकाच गटावर प्रयोग. दहा टोळ्या तशाच. ट्रॉल्या वीसच्या सव्वीस, त्या कुठल्याही एका ट्रॅक्टरच्या नाहीत, गटाच्या. डांबरीवर पळायला सहा ट्रॅक्टर, पाणंदीतनं ट्रॉली बाहेर काढून ठेवायला एक, आणि यार्डात ट्रॉल्या हलवायला एक. म्हणजे दहाचं काम आठात. कागदावर चारच लांबपल्ल्याचे पुरत होते, पण संध्याकाळी पाच ते आठ सगळ्याच टोळ्यांची भराई एकदम संपते, त्या तीन तासांसाठी दोन जास्त ठेवावेच लागले. सरासरीवर गाड्या ठरवल्या तर संध्याकाळी सहाला दहा मुकादम एकदम फोन करतात, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

आता ट्रॉली. इथंच खरी मजा आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या.

आमच्याकडं दोन चाकी अन चार चाकी दोन्ही चालतात. चार चाकी ट्रॉली एकटी उभी राहते, सोडून जायला एकदम सोपी, यार्डाला तीच पाहिजे. पण तिचं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येत नाही, त्यामुळं पाणंदीत ट्रॅक्टर हलका पडतो अन चाक घसरतं, शिवाय तिला रिव्हर्स घेणं म्हणजे देवाचं नाव. दोन चाकीचं उलट, तिच्या दांड्याचं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर दाबून बसतं, पकड वाढते, पाणंदीत तीच भारी. पण तिला सोडलं की तोंडावर पडते. पाणंद म्हणते दोन चाक, यार्ड म्हणतं चार. मी पाणंदीचं ऐकलं, कारण यार्डात सिमेंट ओतता येतं, पाणंदीत नाही. दोन चाकीलाच पुढं जाड पाइपचं खाली-वर होणारं स्टँड केलं, खिट्टी घालायची, झालं.

ते स्टँड पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलं. यार्डातली जागा मुरमाची, वर आदल्या दिवशी पाणी मारलेलं. रात्री ड्रायव्हरनं स्टँड लावून ट्रॉली सोडली, ट्रॅक्टर गेला, अर्ध्या तासात स्टँड सुरीसारखं जमिनीत घुसलं, दांडा टेकला, अन ट्रॉलीतला ऊस पुढं घसरून खांब वाकला. कुणी जवळ नव्हतं म्हणून वाचलो, मला अजून तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो. स्टँडचा तळवा मी सहा इंची केलेला, कारण शेडमध्ये फरशीवर तो छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या सव्वीस ट्रॉल्यांना चौदा इंची प्लेट लावली, आणि कारखान्यानं ट्रॉली सोडायच्या रांगेत काँक्रीटची दोन फुटी पट्टी ओतून दिली. ट्रॉलीच्या पायाचं माप यार्डाच्या जमिनीनं ठरवलं, शेडमध्ये ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरा घोळ ॲक्सलचा. दोन दोन-चाकी ट्रॉल्या एकामागं एक जोडल्या की मागचीचा दांडा पुढचीच्या शेपटीवर दाबतो, मग पुढचीचं तोंड वर उचलायला बघतं, म्हणजे ट्रॅक्टरच्या हुकावरचं वजन कमी होतं. त्यामुळं अनुभवी फॅब्रिकेटर पुढच्या ट्रॉलीचा ॲक्सल जरा मागं घेतो अन मागचीचा जवळपास मध्यावर. पण आमच्या ट्रॉल्या तर कुठलीही कुठंही लागणार! पुढची-मागची असा भेद ठेवला तर रात्री अंधारात जोड्या जुळवत बसायचं. म्हणून सगळ्या एकसारख्या केल्या, ॲक्सल दोन्हींच्या मधल्या मापाला. पाणंदीत ट्रॉली एकटीच जाते तिथं काही फरक पडत नाही, सपाट डांबरीवरही नाही. फरक पडला फक्त रेल्वेच्या उड्डाणपुलावर. चढ फार नाही, तीसला एक असेल, पण तेवीस टनांचा तो जोड वर ओढताना हलक्या ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागलं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा जीव गेला. पुढं वजनाच्या प्लेटा लावल्या तरी ड्रायव्हरचं मन मानेना. शेवटी भरलेल्या गाड्या पूल सोडून तीन किलोमीटर लांबच्या सपाट रस्त्यानं, रिकाम्या पुलावरनं. डिझेल थोडं जास्त जातं, जाऊ दे.

तिसरं, हुकाची उंची. दहा वाहतूकदार, दहा कंपन्यांचे ट्रॅक्टर, दहा ठिकाणी केलेले हुक. कुठं पिन सव्वा इंची, कुठं दीड, भोकं झिजून लंबगोल झालेली. एका दिवसात सगळे ट्रॅक्टर शेडमध्ये रांगेत लावून एकच उंची, एकच पिन, पिनला साखळी, असं केलं. एवढ्या प्रयोगात सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि हे नसतं तर बाकी काही चाललंच नसतं.

आता उंचीचं. ते लोक खांब वाढवायला आले होते ना, आम्ही खांब नऊ इंच कमी केले. ह्याचं श्रेय एका मावशीला. मी फडात वही घेऊन भराई बघत होतो. डोक्यावर तीसेक किलोची मोळी, ट्रॉलीला टेकवलेली अरुंद फळी, त्यावरनं अनवाणी चढायचं, वर जाऊन मोळी टाकायची, उतरायचं, परत. ट्रॉली अर्धी होईपर्यंत फळी सरळ असते, मग जसजसा थर चढतो तशी उभी होत जाते. घड्याळ लावलं, तर खालचा अर्धा भाग भरायला जितका वेळ लागला तितकाच वरच्या पाव भागाला. मावशी पाणी प्यायला थांबल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, खालचा ऊस हातानं भरतो, वरचा गुडघ्यानं." मग नऊ इंच कापले, एका ट्रॉलीत टनभर कमी बसला, दहाचे नऊ झाले, अन भराईचा जवळजवळ एक तास वाचला. दोन ट्रॉल्या मिळून अठरा टन. टोळी दिवसात जेवढं पाडते तेवढंच! फडात रात्री शिल्लक मोळी राहिनाशी झाली. वाहतूकदार मात्र महिनाभर मला "ट्रॉली बारकी करणारा इंजिनिअर" म्हणून ओळख करून द्यायचे.

एवढं झालं आणि अडलं कुठं, तर काट्यावर. मला वाटलेलं लोखंडाची कामं झाली म्हणजे प्रश्न संपला. कारखान्याच्या कॉम्प्युटरला वाहन म्हणजे एक ट्रॅक्टर अन त्याच्या दोन ट्रॉल्या, एकच कोड. भरलेलं वजन एका ट्रॅक्टरनं अन रिकामं वजन दुसऱ्यानं झालं की दोन ट्रॅक्टरांच्या वजनातला फरक ऊस म्हणून धरला जाणार नाहीतर कापला जाणार. शेतकरी लगेच म्हणाले, "आता काटा मारायला नवीन सोय काढली व्हय!" आणि त्यांचं काही चूक नव्हतं. उपाय सापडला तो असा, भरलेली अन रिकामी, दोन्ही वेळा ट्रॉल्या यार्डातल्या त्या एकाच ट्रॅक्टरनं काट्यावर घ्यायच्या, मग फरक फक्त उसाचाच उरतो. पण त्यासाठी ट्रॉली सोडायची रांग काट्याच्या आधी पाहिजे, अन ती होती काट्याच्या पलीकडं. सगळी उलटापालट. शिवाय शेतकऱ्यांची दुसरी अट, काट्याआधी ट्रॉली अर्ध्या तासाच्या वर थांबता कामा नये, वजन वाळतंय. म्हणून काट्याआधी छोटी रांग, फक्त आठ ट्रॉल्यांची, काटा झाला की पलीकडं लांब रांग. कॉम्प्युटरात प्रत्येक ट्रॉलीला वेगळा नंबर द्यायला ऑफिसनं दोन आठवडे घेतले, तोवर भाचा वहीत लिहीत होता.

मालकीचं भांडण तर वेगळंच. ट्रॉली गटाची म्हटल्यावर पंक्चर कुणाचं? एकाचा नवा टायर महिन्यात दुसऱ्याच्या ट्रॉलीला दिसला, त्यावरनं दोन भाऊबंद बोलेनासे झाले. आता टनामागं ठरावीक रक्कम आधीच कापून घेतात, त्यातनं टायर, पंक्चर, ग्रीसिंग, अन मागचे रिफ्लेक्टर. टायरवर गरम सळीनं नंबर डागलेत. आणि ज्या दोघांचे ट्रॅक्टर वाहतुकीतनं बाहेर काढले त्यांचं काय, ह्या एका प्रश्नावर सगळं फिसकटणार होतं, हप्ते त्यांचेही चालूच होते. मग पाळी लावली, दर पंधरवड्याला वेगळे दोन बाहेर, आणि त्या पंधरा दिवसात ते रोटाव्हेटर, सरी सोडणं, खोडव्याच्या बगला फोडणं असली तासावरची कामं करतात. सीझनच्या मध्याला असं झालं की बाहेर जायची पाळी आधी मिळावी म्हणून लोक भांडायला लागले.

निकाल वहीतनं सांगतो. लांबपल्ल्याच्या एका ट्रॅक्टरच्या फेऱ्या दिवसाला एकवरनं पावणेदोनच्या जवळ गेल्या, म्हणजे आज दोन, उद्या एक, परवा दोन. सहा जादा ट्रॉल्यांचा खर्च साडेतेरा लाख, दोन ट्रॅक्टर मोकळे झाले त्यांची किंमत सतरा. यार्डात झोपणारे ड्रायव्हर दहावरनं दोन, तेही पाळीनं. फडात शिळा राहणारा ऊस बंद झाला. पण डिझेल? टनामागं फारसं वाचलं नाही, अंतर तेवढंच, ओझं तेवढंच, वाचलं ते फक्त रांगेत चालू ठेवलेल्या इंजिनाचं अन पाणंदीतल्या ओढाताणीचं, आणि त्यातलं थोडं त्या लांबच्या सपाट रस्त्यानं खाल्लं. सकाळी तोडलेला ऊस गाळपाला जायला वीस-एकवीस तास लागायचे ते अजूनही जवळपास तेवढेच लागतात, कारण रात्रीचं गोडाऊन लागतंच. टोळ्यांच्या तोडणीच्या वेळा पुढंमागं करून ते कमी होईल का बघायचंय, पण पहाटे थंडीत अंधारात फडात कुणाला उतरवायचं, अन कशासाठी, हे मी तरी त्या मावशींना सांगायला जाणार नाही.

शेजारच्या गटानं आमची ट्रॉली बघून तशीच करून घेतली, दुसऱ्या शेडमधनं, स्टँडसकट. मी बघायला गेलो तर ट्रॉली फर्स्टक्लास, पेंटिंग तर माझ्यापेक्षा भारी. पण प्रत्येकानं आपापली ट्रॉली आपापल्याच ट्रॅक्टरला जोडून ठेवलेली, स्टँडला गंज, एकदाही खाली घेतलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "आमच्या यार्डात सोडायला जागाच नाही की." त्यांचा कारखाना दुसरा, काटा गेटालाच चिकटून. त्या गटाचा मुकादम अन त्यांच्या यार्डाचा सुपरवायझर ह्या रविवारी शेडवर येणार आहेत, मी म्हणलं येताना यार्डाचा नकाशा आणा, ट्रॉलीचं नंतर बघू.